ट्रे, तूस आणि कुसळ

सशाचं घर लावून द्यायला बोलावणं आलं, की मी त्या घरात शिरल्याबरोबर पिंजरा बघत नाही. ससा जिथे बसतो तिथे आधी मांडी घालून बसतो आणि दोन-चार श्वास घेतो. घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. चहा टाकायला निघालेल्या काकू दारातच थबकतात, हा बाबा जमिनीवर बसून हुंगतोय काय म्हणून.

ही सवय पोल्ट्रीची. सिन्नर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात ब्रॉयलर शेडवर मी सुपरवायझर होतो. उभ्या माणसाला शेडमध्ये फारसा वास येत नाही. कोंबडीचं नाक मात्र जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं आणि अमोनिया तर खाली अंथरलेल्या ओल्या लिटरमधूनच निघतो. म्हणून शेडमध्ये उकिडवं बसायचं, लिटर मुठीत घेऊन दाबायचं. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त, सुटून पडला तर ठीक. आपले डोळे चुरचुरायला लागले, की समजायचं, पक्ष्यांचं केव्हाच बिनसलंय.

2020 च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा मोबाइलवरून गावोगाव पोचली आणि तयार पक्ष्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. लोकांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्डे खणून पुरले. पुढे धंदा सावरला, पण तोवर मी बाहेर पडलो होतो. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत घरात कोंडलेल्या पोरांसाठी शहरातल्या बऱ्याच लोकांनी ससे आणले. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ओळखीच्यांनी फोन करून विचारलं, ‘‘भाऊ, तुमच्याकडे तूस मिळेल का एखादी गोणी? सशाखाली टाकायचंय.’’ तूस घेऊन गेलो आणि तिथला प्रकार बघून परत घेऊन आलो. या कामाची सुरुवात तिथून झाली.

तूस कोंबडीला चालतं. इगतपुरी-घोटीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथून तुसाच्या गाड्या भरून येतात आणि आमच्या शेडमध्ये पसरल्या जातात. पण कोंबडी वेगळी लघवी करत नाही, तिचं सगळं एकत्र आणि घट्टसर बाहेर पडतं. ससा भरपूर पाणी पितो आणि त्या मानाने भरपूर मुततो. तूस ते पाणी धरून ठेवत नाही, सरळ खाली जाऊ देतं. वरून हात लावला तर कोरडं, खाली तळं. शिवाय तुसाची धूळ. सशाचं नाक दिवसभर फुरफुरत असतं, ती धूळ सगळी आत जाते. वखारीतला लाकडाचा भुसाही त्याच कारणाने नको. त्यात तो पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा असेल तर आणखीच नको, त्या वासातली द्रव्यं यकृताला जड जातात. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळे होणारी मातीची लिटर तर अजिबात नको. ससा ट्रेमध्ये बसून खातो, ती माती पोटात गेली तर तिथेही गोळाच होणार, आणि सशाला उलटी करता येत नाही.

मग टाकायचं काय? रद्दी. ऐकून लोक हिरमुसतात. हजारो रुपये खर्च करायची तयारी असते आणि मी सांगतो वर्तमानपत्र. भोकं नसलेला उथळ प्लास्टिकचा टब घ्यायचा, साधारण 20 इंच लांब, 14 इंच रुंद, काठ पाच-सहा इंचांचा. ससा त्यात ऐसपैस वळला पाहिजे. तळाला वर्तमानपत्राचे जाडसर थर, त्यावर पुठ्ठ्याची किंवा कागदाची कात्रणं आणि सगळ्यात वर, पूर्ण झाकलं जाईल इतकं, कोरडं गवत. हे वरचं गवत बिछाना म्हणून नसतं, ते जेवण असतं. ससा खातो आणि खाता खाता लेंड्या टाकतो. दोन्ही क्रिया एका बैठकीत उरकणारं जनावर आहे हे. गवताची जाळी एका कोपऱ्यात आणि ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून ‘‘आमचा ससा शिकतच नाही हो’’ म्हणणारे खूप भेटतात. जाळी उचलून ट्रेच्या डोक्यावर टांगली, की निम्मी तक्रार तिथल्या तिथे मिटते. उरलेली निम्मी कोपऱ्याची असते. ट्रे कुठे ठेवायचा हे ससा ठरवतो. तो ज्या कोपऱ्यात मुततोय तिथेच ट्रे न्यायचा, त्यात त्याच्याच चार लेंड्या आणि मुताने भिजलेला कागदाचा तुकडा टाकायचा. सोफ्यामागचा कोपरा असेल तर सोफा सरकवायचा. यावर घरात चर्चा होते, ती मी शांतपणे ऐकून घेतो.

पुठ्ठ्याचं सांगायला हवं. नाशिकला द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव, ओझर भागातल्या पॅकहाउसमधून पुठ्ठ्याचे खोके हवे तितके मिळतात. सशाला पुठ्ठा कुरतडायला फार आवडतो, लपायला खोकंही होतं. पण निर्यातीच्या खोक्यात द्राक्षं टिकावीत म्हणून एक पातळ पॅड घालतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटत राहतो. असा पॅड पडून गेलेलं खोकं मी घरात आणू देत नाही. कोरं, न भरलेलं, छपाई कमी असलेलं खोकं घ्यायचं. चिकटपट्टी आणि पिना आधी काढायच्या.

नाशिकमध्ये सशाचं घर लावायला लागणाऱ्या बहुतेक वस्तू पाळीव प्राण्यांच्या दुकानात नसतात, त्या शेतीमालाच्या बाजारात असतात, हे मला काम करता करता पक्कं कळत गेलं. टोमॅटोचं जुनं कॅरेट उलटं घालून एक बाजू कापली, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासल्या, की लपायची जागा तयार. ससा त्याच्या वर उडी मारून बसतोही. वायरींच्या बाबतीत तर मला ठिबक सिंचनाच्या नळीने वाचवलंय. टीव्हीमागची, राउटरची, फ्रिजची वायर ही सशाच्या दृष्टीने वाटेत आलेली मुळी असते, दिसली की कापायची. 16 मिमीची ठिबकची लॅटरल घ्यायची, ब्लेडने लांबीला चीर द्यायची आणि वायर त्यात दाबून बसवायची. काळी नळी हॉलमध्ये शोभत नाही, हे मान्य. आणि ससा चिकाटीने बसला तर तीही कुरतडेल. पण दात वायरीपर्यंत पोचायच्या आत माणसाचं लक्ष जातं, तेवढा वेळ ती मिळवून देते.

दुकानातून लोक आणतात तो पिंजरा. रंगीत पत्रा, खाली तारेची जाळी, जाळीखाली ट्रे. लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं, असं विकणारा सांगतो. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती दाट लव असते. तारेवर दिवसरात्र बसून ती लव झिजते, टाच लाल होते, मग फुटते. अशी टाच बरी व्हायला महिने लागतात. सशाला उचलून पाय उलटा केल्याशिवाय ती दिसत नाही, आणि लोक सहसा उलटा करून बघत नाहीत. मी बघतो. पिंजरा टाकवत नसेल तर जाळीवर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर सतरंजी घालायला सांगतो आणि दार कायम उघडं ठेवायला लावतो.

ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांना किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच जागा असावी असं सांगते. हा आकडा मी इंदिरानगरच्या वन बीएचकेमध्ये सांगतो तेव्हा यजमान आधी छताकडे आणि मग बायकोकडे बघतात. एवढी जागा कोणाच्याच घरात मोकळी पडलेली नसते. मग मी अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेल्या वेल्डमेशच्या चौकटी दाखवतो. तीन फूट उंच, एक इंचाची जाळी, बिजागरीने एकमेकांना जोडलेल्या, दुमडून भिंतीला टेकवता येणाऱ्या. रात्री आणि घरात कोणी नसताना त्या उभ्या करून हॉलचा एक भाग सशाचा. माणसं घरी असली की चौकटी दुमडायच्या, हॉल सगळ्यांचा. ससा तसाही पहाटे आणि संध्याकाळी अंगात आल्यासारखा धावतो, दुपारी लोळतो. नोकरदार घराला हे वेळापत्रक बरंच सोयीचं पडतं.

फरशीचं संकट नवीन आहे. जुन्या वाड्यात शहाबादी फरशी असायची, तिच्यावर पाय टिकतो. नव्या इमारतीतल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर ससा घसरतो. धावता येत नाही म्हणून तो एका जागी बसून राहतो, जाड होतो, आणि घरातले म्हणतात किती शांत आहे आमचा. कॉलेज रोडवरच्या एका घरात असाच एक पांढराशुभ्र ससा पायपुसण्यावर बसलेला असायचा, सोफ्याशेजारच्या त्या दोन फुटांच्या बेटावर. खाणं तिथे, झोप तिथे, सगळं तिथे. त्यांच्याकडे मी भद्रकालीतून आणलेल्या सुती सतरंज्या अंथरल्या, एकीची कड दुसरीवर येईल अशा. त्याने आधी पुढचे पाय टेकवले, मग जागचा न हलता पाठ इतकी लांब केली की मागचे पाय पायपुसण्यावर आणि नाक हॉलच्या मध्यावर. मग मागचे पाय आले. मग काय झालं ते घरातल्या आजींनी पाय वर घेऊन पलंगावरून पाहिलं.

आता गवत. खरं जिवावरचं प्रकरण हेच आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला चोथ्याचं खाणं लागतं. आतडंही चोथ्यावरच चालतं. म्हणून त्याचं मुख्य खाणं म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, मागेल तितकं. परदेशी टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात, परवडणाऱ्यांनी खुशाल घ्यावीत. पण त्र्यंबक-इगतपुरीच्या माळांवर दिवाळीच्या सुमारास गवत कापून गंजी रचतात, गोठेवाले ते वर्षभर पुरवतात. मारवेल, पवना यांसारखं बारीक पातीचं गवत ससे आवडीने खातात. अडचण एकच, कुसळ. त्याच माळांवर कुसळी गवत असतं. त्याचं बी म्हणजे टोकाला भाल्यासारखं अणकुचीदार आणि मागे वळलेलं काळसर शेपूट. ओल लागली की ते शेपूट पिळवटून फिरतं आणि टोक आत घुसत जातं. मेंढीच्या कातडीत घुसणारं हे बी सशाच्या हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात सहज जातं. म्हणून पेंढी विकत घेताना मी तिच्यात हात घालतो. बोटांना टोचलं, बाहीला लटकलं, तर पेंढी परत. फुलोऱ्यावर यायच्या आत कापलेलं गवत देणारा एक गोठेवाला मला घोटीजवळ मिळालाय. त्याला वाटतं मी गवताच्या बाबतीत जरा वेडा आहे. असू दे.

भाताचा पेंढा चावायला चालतो, त्यावर पोट चालत नाही. आणि लसूणघास! मंदिराबाहेर गाय बांधून बसलेल्या मावशींकडच्या हिरव्यागार पेंढ्या बघून लोक रोज घास आणतात, ससाही तुटून पडतो. घासात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला, दूध पाजणाऱ्या मादीला ठीक. मोठ्या सशाला रोज घातला तर जादा कॅल्शियम लघवीवाटे निघतं आणि ट्रेमध्ये चुन्याचा लेप बसायला लागतो, कधी मूत्राशयात गाळ साचतो. ट्रेचा तळ पांढरा दिसला की मी स्वयंपाकघरात डोकावून घासाची जुडी शोधतो, बहुतेकदा सापडते. लेप काढायला व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवायचं, मग घासायचं. फिनेल वापरायचं नाही, त्या वासाने ससा ट्रे सोडून गालिचा धरतो.

कोथिंबीर, पुदिना रोज मूठभर चालतो, धुऊन. कांद्याची पात नाही, लसणाची नाही. कांद्याची बाजारपेठ लासलगाव शेजारी असल्यामुळे घरात कांदा पोत्याने असतो, त्या पोत्यापासून ससा लांब. द्राक्षाची पानं ससे मिटक्या मारत खातात आणि नातेवाइकांच्या बागा तर प्रत्येकाच्या असतात. पण छाटणीनंतर बागेवर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी एकामागून एक फवारे चाललेले असतात. मळ्यातून प्रेमाने पाठवलेला पाला मी कोणालाही घालू देत नाही. अंगणातल्या मांडवावरचा, कधीच न फवारलेला वेल असेल तर गोष्ट वेगळी.

सकाळी सहाला येणारे फोन बहुधा लघवीच्या रंगाचे असतात. ‘‘दादा, रक्त पडतंय हो त्याला!’’ पलीकडे ताई रडत असतात. फोटो मागवतो. ट्रेमधला कागद केशरी, कधी विटकरी लाल. सशाच्या लघवीत वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे असा रंग येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. पूर्ण ओघळ एकसारखा रंगलेला, ससा खातोय, उड्या मारतोय, तर घाबरायचं कारण नाही. पिवळ्या लघवीत लाल ठिपके किंवा गुठळ्या दिसल्या, ससा कळ येऊन कुंथत असला तर डॉक्टर. दुसरा फोन मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांचा, ‘‘जुलाब झालेत’’ म्हणून. त्या लेंड्या ससा स्वतःच तोंड लावून परत खातो, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पडून राहिल्या तर समजायचं गवत कमी आणि गोड खाणं जास्त होतंय. खरा पळत जायचा फोन तिसरा असतो आणि तो सहसा उशिरा येतो: कालपासून काही खाल्लं नाही, लेंड्याही नाहीत. दहा-बारा तास पोट थांबलं तर ससा हातचा जाऊ शकतो. आणि जायचं ते सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडेच. कुत्र्यांना सर्रास लावतात ते फिप्रोनिलचं गोचीडनाशक सशाला विषारी आहे, तोंडावाटे दिलेलं अमोक्सिसिलिन त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून टाकतं. घरातल्या कुत्र्याची बाटली सशावर रिकामी करू नका, हे मी दारातून निघतानाही पुन्हा सांगतो.

डिसेंबरात निफाडचा पारा खाली आला की पेपरात बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सशांच्या स्वेटरची चौकशी. सशाला थंडी सोसते. कोरडी जागा, वारा अडलेला, भरपूर गवत, पुरे झालं. त्याला मारतो तो एप्रिल. पश्चिमेच्या बाल्कनीत, पत्र्याच्या शेडखाली, दुपारी 40 अंशांत पिंजरा ठेवलेला असतो आणि स्वेटर विचारणारी तीच मंडळी असतात. सशाला घाम येत नाही, उष्णता टाकायला कानच काय ते. 30 अंशांच्या पुढे त्याची ओढाताण सुरू होते. मी चैत्र लागायच्या आतच त्याला बाल्कनीतून आतल्या खोलीत आणायला लावतो. जुन्या घराच्या कौलांतलं एक मातीचं कौल घेऊन पाण्यात भिजवून जमिनीवर ठेवतो. ससा त्यावर पोट टेकून पसरतो, दुपारभर उठत नाही. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी. कान तापलेले, तोंड उघडून श्वास चाललेला दिसला तर कानांना साधं गार पाणी लावायचं आणि निघायचं. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

‘दोन्ही माद्याच आहेत’ या बोलीवर विकलेल्या जोड्या हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग. महिन्याभरात सोफ्याखाली पिल्लं सापडतात. मादी 31 दिवसांच्या आसपास विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे विचार करायला सवड मिळत नाही. नर आधी वेगळा काढायचा, मग नसबंदी. मादीचीही करावी, कारण वयात आलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. शिवाय नसबंदीनंतर भिंतीवर फवारे मारणं थांबतं आणि ट्रेची शिस्त एकदम सुधारते. 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. विकत घेणाऱ्याने नोंदणीचा कागद बघायला मागितला तर निम्मी दुकानं तुम्हाला चहाही विचारणार नाहीत.

कधी कोणी दिंडोरीकडून खोक्यात पिल्लू घेऊन येतं, घासाच्या वाफ्यात एकटं सापडलं म्हणून. अंगभर केस, डोळे उघडे, करडं. तो रानससा. पाळीव सशाची पिल्लं बिनकेसांची आणि आंधळी जन्मतात, ही अशी जन्मतात आणि आई त्यांना मुद्दाम एकटं ठेवून दिवसातून एखाद-दोनदा पाजायला येते. त्याला ट्रे लागत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवताही येत नाही. जिथून उचललं तिथेच ठेवून या म्हणतो. जखमी असेल तर 1926 वर वनखात्याला फोन.

शेवटचा प्रश्न सगळेच विचारतात, ट्रेमधला माल टाकायचा कुठे. भिजलेला कागद आणि खराब गवत घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात जातं, पिशवीत बांधून नाही, मोकळं. लेंड्या मात्र टाकू नयेत. कोंबडीखत उष्ण, कुजवल्याशिवाय झाडाला घातलं तर मुळं जळतात. सशाच्या लेंड्या तशाच कुंडीत घातल्या तरी चालतात. नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, आणि गुलाबाची हौस इथल्या गच्च्यांवर अजून आहे. पंचवटीतल्या एका इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावरच्या लेंड्या गच्चीवरच्या गुलाबांना लावून दिल्या. पहिला बहर आल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही डबा पुढे केला. दोघांच्या कुंड्यांना एका सशाच्या लेंड्या पुरत नाहीत. आता गच्चीवरच्या गुलाबांचे काका सकाळी लवकर उठतात.